जुन्या जीपगाडीचें पेट्रोल कोठें अडतें?

गेल्या टोमॅटोच्या हंगामांत आमच्या एका सभासदांची जुनी पेट्रोलची जीप, मागें भरलेला ट्रेलर जोडून, जुन्नरकडून कल्याणच्या बाजारास निघाली असतां माळशेज घाटांत तीन वेळां बंद पडली. प्रत्येक वेळीं अर्धा तास थांबल्यावर ती निमूटपणें चालू होई व आठ-दहा किलोमीटर गेल्यावर पुन्हां गचके खाऊन उभी राही. माल बाजारांत पोहोंचला तेव्हां लिलाव आटोपून गेले होते आणि खालचे क्रेट दबून पाणी सुटलें होतें. पुढें दुरुस्तीवाल्यानें कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, कार्ब्युरेटर दुसरा बसविला. दोष मात्र जागच्या जागीं राहिला. अखेरीस असें आढळलें कीं, टांकीचें मूळ झांकण हरवल्यामुळें त्या जागीं जें दुसरें झांकण बसविलें होतें, त्यास हवा आंत जाण्याचें भोंकच नव्हतें. चार पैशांच्या दोषापायीं एका फेरीचा माल आणि तीन चांगले भाग असा भुर्दंड सभासदांस सोसावा लागला.

ही हकीगत सांगण्याचें कारण एवढेंच कीं, दोष मोठा असतो म्हणून खर्च मोठा होतो असें नाहीं. पुष्कळदां दोष शोधण्याचा क्रम चुकतो म्हणून खर्च वाढतो. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या वाड्यांत अशा जुन्या गाड्या अद्यापि आहेत. विलीज जीपची जोडणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईंत महिंद्र कंपनीनें सुरू केली, आणि त्या घराण्यांतल्या गाड्या पुढें कित्येक वर्षें आपल्या खेड्यापाड्यांतून फिरत राहिल्या. त्यांचें पेट्रोल इंजिन साधें, चार सिलिंडरांचें, सुमारें २२०० घन सेंटिमीटरांचें आहे. त्यांत संगणक नाहीं कीं विजेवर चालणारा पंप नाहीं. जें घडतें तें डोळ्यांनीं पाहतां येतें व हातानें चाचपतां येतें. यास्तव ज्याच्यापाशीं दोन पाने, एक पेंचकस, एक कांचेची बाटली व थोडा धीर आहे, त्यास पेट्रोल कोठें अडलें हें स्वतःच शोधतां येईल. डिझेल इंजिनाची तऱ्हा निराळी आहे. प्रस्तुत लेख केवळ पेट्रोलच्या इंजिनापुरता आहे.

पेट्रोलचा मार्ग

पाटाचें पाणी शेवटच्या वाफ्यांत पोहोंचत नसेल तर आपण वाफा उकरीत बसत नाहीं. विहिरीपासून पाटाच्या कडेनें चालत येतों व कोठें फुटलें आहे, कोठें गाळ बसला आहे, हें पाहतों. येथेंही तोच न्याय आहे. पेट्रोल टांकींतून निघतें, नळीनें पंपाकडे येतें, तेथील जाळींतून व बहुधा कांचेच्या वाटींतून गाळलें जातें, पंपांतून कार्ब्युरेटरकडे ढकललें जातें, तेथील सुईच्या वाटेनें फ्लोटच्या कुंडींत उतरतें, आणि कुंडींतून जेटच्या बारीक छिद्रांतून हवेंत मिसळून इंजिनांत जातें.

पंपाची रचना समजून घेणें अवश्य आहे. इंजिनाच्या कॅमशाफ्टवरील एक उंचवटा पंपाची तरफ हालवितो. तरफ आंतील रबरी कापडाचा पडदा, ज्यास डायफ्राम म्हणतात तो, खालीं ओढते. त्या ओढीनें टांकींतील पेट्रोल वर येतें. पडदा वर ढकलण्याचें काम मात्र तरफ करीत नाहीं, तें एक स्प्रिंग करते. म्हणून पंपाचा दाब त्या स्प्रिंगएवढाच असतो; तो सामान्यतः चौरस इंचास दोन ते चार पौंडांच्या आसपास असतो. कुंडी भरली म्हणजे सुई वाट बंद करते, पडदा खालींच राहतो व तरफ रिकामी हालत राहते. कुंडी रिती होतांच काम पुन्हां सुरू होतें. दोन झडपा पेट्रोलला मागें फिरूं देत नाहींत. एवढेंच हें यंत्र आहे. कॅमशाफ्ट मुख्य शाफ्टाच्या निम्म्या वेगानें फिरत असल्यामुळें इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांस पंपाचा एक ठोका पडतो, ही गोष्ट पुढील परीक्षेच्या वेळीं ध्यानांत असावी.

आरंभीं ठिणगी पाहावी

इंजिन बंद पडलें कीं पेट्रोलवर संशय घेण्याची घाई करूं नये. विजेचा दोष असला तर इंजिन दिवा मालवावा तसें एकाएकीं थांबतें. पेट्रोल कमी पडूं लागलें तर तें आधीं अडखळतें, गचके देतें, कार्ब्युरेटरांतून फटफट शिंकतें व मग थांबतें. हा नियम सर्वकाळ खरा ठरत नाहीं, तरी दहांपैकीं बहुतेक वेळां वाट दाखवितो. खात्री करण्यासाठीं एक प्लग काढून, त्याची वायर जोडून, त्याचें अंग इंजिनाच्या लोखंडास टेंकवावें व दुसऱ्याकडून इंजिन फिरवावें. निळसर जोरदार ठिणगी पडली तर विजेची बाजू तूर्त निर्दोष समजावी. ही परीक्षा नळ्या सोडण्यापूर्वींच करावी. पेट्रोल उघडें असतां ठिणगी पाडणें म्हणजे गंजीशेजारीं आगटी पेटविणें होय.

काढलेला प्लग तसाच परत लावूं नये, त्याचा रंग पाहावा. तोंड मातकट तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर आहे. पांढुरकें व कोरडें असेल तर पेट्रोल कमी पडत आहे. काजळीनें काळें किंवा पेट्रोलनें ओलें असेल तर तें जास्त होत आहे. चोकही एक चांगला साक्षीदार आहे. अडखळणाऱ्या इंजिनाचा चोक थोडा ओढला असतां तें सुधारत असेल, तर पेट्रोल कमी पोहोंचतें आहे हें निश्चित. चोक ओढतांच अधिक बिघडत असेल, तर पेट्रोलचा अतिरेक आहे.

आणखी एक खूण उपयोगी पडते. गाडी चालू होऊन एक-दोन मिनिटांत बंद पडत असेल, तर ती केवळ कुंडींतील शिल्लक पेट्रोलवर चालली व मागून पुरवठा आला नाहीं, असें समजावें. दोष कार्ब्युरेटरच्या मागें आहे. सपाटीवर ठीक चालून चढावर धापा टाकीत असेल, तर वाट पूर्ण बंद नसून अरुंद झाली आहे. साठ अश्वशक्तीचें इंजिन पूर्ण भारावर मिनिटास पाव लिटराहून अधिक पेट्रोल मागतें. रिकाम्या गाडीस सपाटीवर त्याचा लहानसा हिस्साही पुरतो. म्हणूनच गांवांत नीट चालणारी गाडी घाटांत दगा देते.

टांकी व तिचें झांकण

शोध टांकीपासून सुरू करावा, कारण तेथील परीक्षेस खर्च मुळींच लागत नाहीं. प्रथम टांकींत पेट्रोल खरोखर आहे काय तें काडी घालून पाहावें. कांटा खोटें सांगूं शकतो. पेट्रोल थोडें असल्यास चढावर तें एका अंगास सरकतें व आंतील नळीचें तोंड उघडें पडतें. मग झांकण सैल करावें. सैल करतांच हवा आंत शिरल्याचा सूंऽऽ आवाज आला व गाडी चालूं लागली, तर दोष सांपडला. पेट्रोल बाहेर जाईल तितकी हवा आंत आलीच पाहिजे. ती न आल्यास टांकींत ओढ निर्माण होते व पंप हरतो. गाडी उभी राहिली कीं हवा हळूहळू फटींतून शिरते व ती पुन्हां चालू होते. हें लक्षण कॉइल तापल्याच्या लक्षणासारखेंच दिसतें, आणि आमच्या सभासदांचे पैसे त्याच भ्रमांत गेले. चिखल, धूळ व कुंभारमाशीचें घर यांनींही हें भोंक बुजतें.

नळी व हवेची चोरी

टांकीपासून पंपापर्यंतची नळी ओढीखालीं असते. या भागांत चीर पडली तर पेट्रोल बाहेर गळेलच असें नाहीं. उलट बाहेरची हवा आंत ओढली जाते. म्हणून कोरडी दिसणारी नळी निर्दोष समजूं नये. चौकट व इंजिन यांमधील लवचीक रबरी तुकडा वांकवून पाहावा. त्यावर बारीक भेगा दिसल्यास तो बदलावा. कांचेच्या वाटीखालचें बूच वाळून आखडलें असेल तर तेथूनही हवा शिरते. इंजिन चालू असतां कांचेंत बुडबुडे सारखे येत असतील, तर हवेची चोरी चालू आहे हें उघड आहे.

नळी तुंबली आहे काय हें पाहण्यासाठीं पंपाकडील टोंक सोडावें, टांकीचें झांकण काढावें, आणि सायकलच्या पंपानें टांकीच्या दिशेनें हवा मारावी. टांकींत मोकळे बुडबुडे ऐकूं आले तर वाट साफ आहे. हवा मारल्यावर गाडी कांहीं दिवस ठीक चालून पुन्हां तसेंच झालें, तर टांकींत गंज व गाळ आहे असें समजून टांकीच उतरवून धुवावी. तोंडानें पेट्रोल ओढण्याची संवय कित्येकांस आहे, ती सोडावी. पेट्रोलचा घोट फुप्फुसांत गेल्यास माणसाच्या जिवावर बेततें.

बाटलीची परीक्षा

आतां पंपाकडे यावें. इंजिन थंड असावें. इग्निशनची किल्ली बंद ठेवावी. पंप यांत्रिक असल्यामुळें त्यास विजेची गरज नाहीं. बॅटरीची एक तार काढून ठेवावी, बिडी-कंदील दूर ठेवावे व जवळ कोरडी वाळू घ्यावी. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी तेथें सोडून तिचें टोंक कांचेच्या बाटलींत धरावें व दुसऱ्यानें हँडलनें इंजिन वीस फेरे फिरवावें. पंपाचे दहा ठोके पडतील. प्रत्येक ठोक्यास जोमदार चिळकांडी उडाली तर टांकी, नळी व पंप तिन्ही निर्दोष आहेत आणि दोष पुढें कार्ब्युरेटरांत शोधावा. नुसतें ठिबकलें किंवा कांहींच आलें नाहीं, तर दोष मागें आहे. या एका परीक्षेनें अर्धा मार्ग वगळला जातो, म्हणून आम्ही तिला सर्वांत अधिक महत्त्व देतों.

बाटली कांहीं वेळ स्थिर ठेवून तिच्या तळाशीं पाहावें. पाणी असल्यास खालीं निराळा थर दिसेल. गंज असल्यास तांबूस गाळ बसेल.

पेट्रोल आलें नाहीं व नळी मोकळी आहे असें ठरल्यास पंपाच्या आंत येणाऱ्या तोंडावर बोट दाबून इंजिन फिरवावें. बोटास ओढ जाणवली पाहिजे. ओढ नसेल तर पडदा फाटला आहे, झडपांत कचरा अडकला आहे किंवा तरफ झिजली आहे. पंपाच्या पोटाखालीं एक लहान भोंक असतें. तेथून पेट्रोल ठिबकत असेल तर पडदा फाटल्याची ती ठाम खूण होय. फाटक्या पडद्यांतून पेट्रोल इंजिनाच्या तेलांतही उतरतें. म्हणून तेलाची काडी काढून वास घ्यावा. तेलाची पातळी आपोआप वाढली असून त्यास पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी एक पाऊलही चालवूं नये. पातळ झालेलें तेल बेअरिंगें खाऊन टाकील आणि शंभराच्या कामाचे सहस्र होतील. पडदा बदलून तेलही बदलावें.

कित्येक पंपांस हातानें पेट्रोल भरण्याची लहान तरफ असते. ती ढिली लागली व पेट्रोल चढलें नाहीं म्हणजे पंप गेला असें समजूं नये. कॅमचा उंचवटा वर आलेला असल्यास पडदा आधींच खालीं ओढलेला असतो. इंजिन एक फेरा फिरवून पुन्हां हालवून पाहावें.

कार्ब्युरेटर

बाटलींत धार चांगली असूनही इंजिन उपाशी राहत असेल, तर कार्ब्युरेटरच्या तोंडाशीं जाळी आहे काय तें पाहून ती साफ करावी. मग वरील हवेची नळी काढून, इंजिन बंद असतां, घशांत पाहत अ‍ॅक्सिलरेटर झटकन् दाबावा. आंत पेट्रोलची बारीक चिळकांडी दिसली तर कुंडींत पेट्रोल आहे. ती न दिसल्यास कुंडी रिकामी आहे किंवा तो लहान पंप निकामी झाला आहे. घशांत पेट्रोल ओतून गाडी चालू करण्याचा प्रकार आम्ही पाहिला आहे. इंजिन उलटें शिंकल्यास ज्वाळा तोंडावर येते; हा प्रकार कोणींही करूं नये.

जेटमधील कचरा हवेनें उडवावा. तार खुपसूं नये. जेट पितळेचा असतो व त्याचें छिद्र मापाचें असतें. तें एकदां वाढलें कीं गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते.

याच्या उलट, काळा धूर, पेट्रोलचा उग्र वास व कार्ब्युरेटरवरून ओघळ हीं लक्षणें असल्यास सुई नीट बसत नाहीं किंवा फ्लोट बुडला आहे. पितळी फ्लोट कानाशीं हालवावा. आंत पेट्रोल डचमळत असेल तर तो फुटका आहे. गरम पाण्यांत धरल्यास भोंकांतून बुडबुडे निघतात. त्यास डाग देण्याचा मोह टाळावा: आंत पेट्रोल असतां उष्णता लागल्यास स्फोट होतो, आणि डागाच्या वजनानें पातळीही बिघडते. नवा फ्लोट बसविणें बरें.

उन्हाळ्याचा दोष

वैशाखांत भर दुपारीं बाजाराच्या गर्दींत थांबलेली गाडी पुन्हां चालू होत नाहीं, ही तक्रार विदर्भ-मराठवाड्याकडील वाचक नेहमीं करतात. पेट्रोलांतील हलके अंश ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या सुमारासच उकळूं लागतात. तापलेल्या इंजिनाशेजारील नळींत त्यांची वाफ होते, आणि पंप वाफ दाबीत बसतो, पेट्रोल ढकलीत नाहीं. पंपावर व नळीवर ओलें फडकें ठेवावें, बॉनेट उघडें ठेवून वीस मिनिटें थांबावें. गाडी त्यानंतर चालूं लागली तर कोणताही भाग बदलूं नये. नळी एक्झॉस्टच्या फार जवळून गेली असल्यास तिला दूर करावें व मध्यें पत्र्याचा आडोसा द्यावा. कुंडींतील पेट्रोल उकळून इंजिनांत उतरलें असेल तर उलट अतिरेक होतो. तेव्हां चोक न ओढतां अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा व इंजिन फिरवावें.

आपल्याच उसाचें पेट्रोल

हल्लीं या जुन्या गाड्यांस एक नवें कारण जडलें आहे व तें आपल्या शेताशींच निगडित आहे. पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम आपल्या देशांत २००३ सालीं सुरू झाला; २०२२ सालीं शेंकडा दहाचें व २०२५ सालीं शेंकडा विसाचें प्रमाण गाठलें गेलें. उसाच्या रसापासून, मळीपासून व मक्यासारख्या धान्यापासून तें तयार होतें. ऊस पिकविणारास त्यापासून लाभ आहे, हें आम्ही जाणतों. तथापि ज्या काळीं हीं इंजिनें घडलीं त्या काळच्या रबराचा, बुचाचा व रोगणाचा या द्रव्याशीं मेळ बसत नाहीं. जुना पडदा फुगतो वा ताठरतो, रबरी नळी आंतून सुटून तिचे कण जेटमध्यें अडकतात. कित्येक जुन्या गाड्यांत बुचाचे फ्लोट असून त्यांवर लाखेचें रोगण असतें. लाख मद्यार्कांत विरघळते हें सर्वांस ठाऊकच आहे.

दुसरी गोष्ट अशी कीं, इथेनॉल पाणी शोषून घेतें. पावसाळाभर गाडी उभी राहिली तर दमट हवेंतील पाणी टांकींत मुरत जातें, आणि तें प्रमाणाबाहेर झालें म्हणजे पाणी व इथेनॉल मिळून तळाशीं वेगळा थर होतो. नळीचें तोंड तळाशींच असल्यामुळें पहिला घोट त्याचाच जातो. टांकी गंजते व कार्ब्युरेटरांत पांढरी भुकटी धरते.

तिसरी गोष्ट मिश्रणाची. निव्वळ पेट्रोलच्या एका भागास जळण्यासाठीं वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. वीस टक्के मिश्रणास सुमारें १३.५ भाग पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेंत आठ-नऊ टक्के अधिक इंधन जावयास हवें. जुना जेट तें देऊं शकत नाहीं. मिश्रण विरळ होतें, प्लग पांढरे पडतात, भार असतां इंजिन तापतें. पुरवठ्यांत दोष नसतांही दोषाचीं सर्व लक्षणें दिसतात. अशा वेळीं जाणत्या मिस्त्रीकडून एक माप मोठा जेट बसवून घ्यावा व प्लगचा रंग पाहून निर्णय करावा.

उपाय कठीण नाहींत. पंपाचा पडदा, नळ्या व वायसर इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे मागून घ्यावे. महिन्याहून अधिक काळ गाडी उभी राहणार असेल तर टांकी व कुंडी दोन्ही रिकामी करून ठेवावीं. दर हंगामाच्या आरंभीं कांचेची वाटी उतरवून धुवावी. नळी, पडदा व बूच यांचा एक जोड गाडींतच बाळगावा.

शेवटीं पुन्हां एकदां क्रम सांगतों: ठिणगी, झांकण, नळी, बाटली, पंप, कार्ब्युरेटर. प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट बदलावी आणि काय फरक पडला तो वहींत लिहून ठेवावा. दोन गोष्टी एकदम बदलल्यास गाडी चालू होईल, परंतु दोष कोणता होता हें कळणार नाहीं, व पुढच्या घाटांत तोच प्रश्न पुन्हां उभा राहील. जुन्या गाडीचे कित्येक भाग आतां सहज मिळत नाहींत. चांगला भाग काढून टाकण्यापूर्वीं त्यावरील आरोप सिद्ध झाला पाहिजे. ज्या सभासदांची हकीगत आरंभीं दिली त्यांनीं जुना कार्ब्युरेटर सुदैवानें टाकून दिला नव्हता. तो परत बसविला आहे, झांकणास भोंक आहे, आणि गाडी सध्यां घाट एका दमांत चढते.